जुन्या स्कॉट्स काव्यातील 'कोव्हेटीस' : लोभ, हाव की आणखी काही?

जुनी_पोथी (धागाकर्ता)

गेली दोन वर्षे मी चौदाव्या ते सोळाव्या शतकांतील स्कॉट्स कविता मूळ भाषेतून वाचण्याचा आणि त्यांतील निवडक उतारे मराठीत आणण्याचा प्रयत्न करीत आहे. स्कॉट्स म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातील गेलिक नव्हे. सखल प्रदेशात, राजदरबारात आणि बाजारपेठेच्या नगरांत वाढलेली, इंग्रजीची सख्खी बहीण शोभावी अशी ही भाषा आहे. या कामात एक शब्द मला पुन्हा पुन्हा अडवतो, तो म्हणजे 'कोव्हेटीस'. लॅटिनमधील 'कुपिदितास'पासून जुन्या फ्रेंचमार्गे आलेला हा शब्द हस्तलिखितांत अनेक परींनी लिहिलेला सापडतो, म्हणून उच्चार मी सोयीसाठी एकच धरला आहे. 'लोभ' हा प्रतिशब्द कोणीही चटकन सुचवील, परंतु तो घालून ओळी वाचल्या की त्यांतील दंश नाहीसा होतो. असे का होते याचा शोध घेताना माझे एक मत बनले आहे. या कवींच्या लेखी कोव्हेटीस ही केवळ मनाची अवस्था नाही. ती जिथे येते तिथे कोणाची कोणती वस्तू गेली हे बहुतेक वेळा सांगितलेले असते, आणि ती वस्तू उचलणाऱ्याच्या पाठीशी एखादे पद, एखादा हक्क किंवा एखादा रिवाज उभा असतो.

प्रारंभ जॉन बार्बरपासून करतो. हे अ‍ॅबर्डीनचे आर्चडीकन, म्हणजे चर्चचे वरिष्ठ अधिकारी, होते, आणि स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस याच्या पराक्रमावरील 'द ब्रूस' हे दीर्घकाव्य त्यांनी 1375च्या सुमारास रचले. (आज उपलब्ध असलेल्या दोन्ही प्रती मात्र 1487 आणि 1489 या वर्षांच्या आहेत.) पहिल्याच सर्गात इंग्लंडच्या राजाने स्कॉटलंडवर नेमलेल्या अंमलदारांचे वर्णन आहे. ते 'दुष्ट आणि कोव्हेटस' होते, उद्दाम होते, असे सांगून कवी लगेच उदाहरण देतो : एखाद्या स्कॉट माणसाजवळ घोडा, शिकारी कुत्रा किंवा मनाला आवडेल अशी दुसरी कोणतीही चीज असली, तर न्यायाने अथवा अन्यायाने ती ते घेतच. घोडा आणि कुत्रा हे तपशील मला फार महत्त्वाचे वाटतात. देश बळकावला गेला ही गोष्ट इतिहासग्रंथात वाचायला मिळते; आपला कुत्रा अंमलदाराच्या नजरेत भरला आणि संध्याकाळपर्यंत तो त्याच्या दारी बांधला गेला, ही गोष्ट ज्याच्यावर गुदरली त्याच्या बाजूनेच सांगता येते.

आता या काव्यातील सर्वांत प्रसिद्ध ओळ पाहा : "आ! फ्रेडोम इज अ नोबल थिंग." स्वातंत्र्याचे हे स्तोत्र स्कॉटलंडमध्ये आजही आदराने उद्धृत केले जाते, परंतु घोडा आणि कुत्रा हिरावणाऱ्या अंमलदारांनंतर थोड्याच ओळींनी ते येते याकडे माझे कित्येक दिवस लक्षच गेले नव्हते. शिवाय त्या काळच्या स्कॉट्समध्ये 'फ्रेडोम' या शब्दाला दोन अर्थ होते, एक स्वातंत्र्य आणि दुसरा औदार्य. बार्बरनंतर सव्वाशे वर्षांनी दरबारी कवी विल्यम डनबार कोव्हेटीसवर स्वतंत्र कविता लिहितात तेव्हा त्यांचा पहिलाच शब्द 'फ्रेडोम' आहे : औदार्य, मान आणि थोरपणा हे आता दरबारात दुर्गुण गणले जातात, 'आणि हे सारे कोव्हेटीसपायी', असे पालुपद त्या कवितेत कडव्यामागून कडव्याला येते. म्हणजे कोव्हेटीसच्या समोर या भाषेने एकच शब्द उभा केला, आणि त्या एका शब्दात जुलमापासून सुटलेला माणूस आणि सढळ हाताने देणारा माणूस हे दोघेही मावले. मराठीत हे काम 'मोकळा' हा शब्द करतो असे मला वाटते. आपण मोकळा श्वास म्हणतो आणि मोकळ्या हाताचा माणूसही म्हणतो.

पंधराव्या शतकातील कवी रॉबर्ट हेन्रिसन यांच्या नीतिकथांमधील एक ओळ मात्र मला अजून मराठीत नीट उतरवता आलेली नाही. कोल्हा, लांडगा आणि शेतकरी यांच्या कथेच्या अखेरीस ते म्हणतात की 'कॅबॉक'ला, म्हणजे चीजच्या गोल वडीला, कोव्हेटीस म्हणावे, कारण ती कित्येकांच्या डोळ्यांत फुलून मोठी होते.

जाणकारांनी दोन गोष्टींवर मत द्यावे ही विनंती. कोव्हेटीससाठी मराठीत एकच शब्द चालेल काय? आणि माझे वर मांडलेले मत टिकण्यासारखे आहे काय?

ओवी_लेखन

धागा अतिशय आवडला. शब्दाविषयी आधी लिहिते. 'लोभ' घातल्याने ओळी निःसत्त्व होतात, याचे एक कारण आपल्या भाषेतच आहे. आपल्याकडे पत्राच्या शेवटी 'लोभ असावा' असे लिहिण्याची जुनी रीत आहे. आजीचा नातवावर लोभ असतो, आणि मूल गोड दिसले की आपण त्याला लोभस म्हणतो. ज्या शब्दात इतकी माया साठलेली आहे तो अंमलदाराच्या तोंडी घातला की वाचकाचा राग अर्धा विझतो. 'हाव' या शब्दाला अशी दुसरी गोड बाजू नाही. मात्र 'हाव' बहुधा खाण्याच्या, पैशाच्या किंवा अधिकाच्या भुकेविषयी असते. समोरच्या माणसाची नेमकी तीच वस्तू हवी, हा भाव तिच्यात आपोआप येत नाही.

तो भाव मराठीत 'डोळा' या शब्दाने येतो. 'त्याचा आमच्या वावरावर डोळा आहे' असे म्हटले की कोणाचे वावर, कोणाचा डोळा आणि पुढे काय होणार हे सारे एका वाक्यात कळते. तुम्ही दिलेल्या हेन्रिसनच्या ओळीत चीजची वडी डोळ्यातच फुलते आहे, तेव्हा हा धागा सोडू नये असे सुचवते.

आणखी एक गोष्ट. मराठी बायबलमधील दहा आज्ञांमध्ये शेजाऱ्याच्या घराचा 'लोभ धरू नको' अशी रचना आहे. तेथे 'धरू' या क्रियापदाने लोभाला हात मिळतात, म्हणून तो शब्द त्या जागी कमजोर वाटत नाही. जुन्या स्कॉट्समध्ये या आज्ञेचे विवरण झाले आहे काय?

जुनी_पोथी

झाले आहे, आणि त्याचे वर्ष लक्षात ठेवण्याजोगे आहे. सेंट अँड्र्यूजचे आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांच्या नावाने ओळखली जाणारी, स्कॉट्स भाषेतील धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरी 1552 मध्ये सेंट अँड्र्यूज येथेच छापली गेली आणि तीत दहाही आज्ञा सामान्य लोकांच्या भाषेत समजावल्या आहेत. कॅथलिक क्रमवारीप्रमाणे शेजाऱ्याच्या पत्नीविषयीची आणि त्याच्या मालमत्तेविषयीची अभिलाषा या दोन वेगळ्या आज्ञा होतात, त्यामुळे हा विषय त्या परंपरेत दोनदा येतो. त्याच 1552 साली, फाईफ परगण्यातील कूपर या गावी, कवी सर डेव्हिड लिंडसे यांचे 'तीन वर्गांचे प्रहसन' उघड्या मैदानावर झाले. त्याविषयी पुढे सविस्तर लिहितो.

'डोळा' हे सुचवल्याबद्दल मनापासून आभार. ही गोष्ट माझ्या ध्यानात यायला हवी होती.

उत्तरेचा_वारा

मी गेली अकरा वर्षे डनफर्मलिनजवळ राहतो. हेन्रिसन याच गावी शाळामास्तर होते, आणि त्यांच्या कथांतली शेते, कुंपणे आणि हिवाळे येथे राहून वाचताना फार ओळखीचे वाटतात. ज्यांनी ती कथा वाचलेली नाही त्यांच्यासाठी ती थोडक्यात सांगतो, कारण धाग्याचा सारा प्रश्न तिच्यात आहे.

एक शेतकरी नांगरणी करीत असतो. बैल नवे आणि बुजरे असतात, सरळ चालत नाहीत. तो चिडून म्हणतो, 'लांडगा खावो तुम्हांला!' झुडपामागे लांडगा आणि कोल्हा हे ऐकत असतात. संध्याकाळी लांडगा वाट अडवून बैल मागतो, कारण शब्द दिला गेला आहे. शेतकरी म्हणतो की रागात माणूस काहीही बोलतो, कागद कुठे आहे, साक्षीदार कुठे आहे? तेव्हा कोल्हा साक्षीदार म्हणून पुढे येतो आणि मग दोघांचा मध्यस्थही होतो. तो शेतकऱ्याकडून सहा-सात पुष्ट कोंबड्यांची लाच ठरवतो, आणि लांडग्याला सांगतो की बैलांवरचा दावा सोडलास तर तुला एक उत्तम कॅबॉक मिळेल. मग रात्री तो लांडग्याला एका वाड्याच्या विहिरीपाशी नेतो. विहिरीत पूर्ण चंद्राचे प्रतिबिंब पडलेले असते, आणि लांडग्याला तीच चीजची वडी वाटते. रहाटाला दोन बादल्या आहेत. कोल्हा एका बादलीत बसून खाली जातो, वडी जड आहे म्हणून मदतीला हाक मारतो, लांडगा दुसऱ्या बादलीत बसतो, आणि तो खाली जात असताना कोल्हा वर येतो. वाटेत लांडगा विचारतो की तू वर का चाललास, तर कोल्हा म्हणतो की दैवाची रीतच अशी आहे, एक वर येतो तेव्हा दुसरा खाली जातो.

तुमच्या मताला या कथेत आधार आहे असे मला वाटते. लांडगा चोरी करीत नाही. तो दावा लावतो. बैल खाण्याची इच्छा त्याला आधीपासून असणारच, परंतु तो पुढे येतो तो 'शब्द' सापडल्यावर.

'कॅबॉक' शब्दाविषयी एक माहिती. हा शब्द पुढे 'केबक' या रूपाने टिकला आणि 1786 मध्ये कवी रॉबर्ट बर्न्स यांच्या कवितेत गरीब कोटरच्या, म्हणजे झोपडीत राहणाऱ्या शेतमजुराच्या, घरी जपून ठेवलेली वर्षभराची केबक पाहुण्यापुढे येते. म्हणजे ही वस्तू चैनीची नव्हती. ती शेतकऱ्याच्या घरातली साठवण होती. मराठीत 'चीज' असे लिहिले की डोळ्यांपुढे दुकानातील चौकोनी डबी येते, म्हणून 'चीजचा गोळा' किंवा 'चीजची ढेप' असे काहीतरी करावे. गुळाच्या ढेपेमुळे तो गोल, जड आणि फडताळात जपलेला ऐवज मराठी वाचकाला लगेच दिसेल, आणि चंद्राशी जुळेलही.

घाटमाथा

चर्चा उत्तम चालली आहे, तरीही एक आक्षेप नोंदवणे मला आवश्यक वाटते. लोभ हा सर्व पापांचे मूळ आहे हे वचन बायबलमधील आहे आणि मध्ययुगीन युरोपातील प्रत्येक प्रवचनात ते असे. सात महापापांची यादी फ्रान्समध्ये होती, इटलीत होती, इंग्लंडमध्येही होती. विहिरीतील चंद्राची कथासुद्धा हेन्रिसनची नव्हे. अकराव्या शतकातील ज्यू भाष्यकार राशी यांना ती ठाऊक होती, आणि बाराव्या शतकाच्या प्रारंभी स्पेनमधील पेत्रुस अल्फोन्सी यांनी आपल्या लॅटिन कथासंग्रहात ती नांगरणाऱ्या शेतकऱ्यासह दिली आहे. मग 'जुन्या स्कॉट्समधील कोव्हेटीस' असा वेगळा विषय करण्याइतके स्कॉट्स असे त्यात काय उरते? शिवाय हे कवी स्वतः निर्लोभी होते काय? डनबार राजाकडे सतत काही ना काही मागत असत, असे मी वाचले आहे.

जुनी_पोथी

आपला आक्षेप योग्य आहे आणि त्याचा पहिला भाग मी पूर्ण मान्य करतो. कल्पना सर्व युरोपची आहे. माझे म्हणणे तिच्या वापराविषयी आहे. अल्फोन्सींच्या कथेत शेतकरी, लांडगा आणि कोल्हा आहेतच. हेन्रिसन अखेरीस जो अर्थ लावतात तो पाहा. लांडगा म्हणजे गरिबाला गांजणारा, त्याच्याशी भांडण उकरून काढणारा दुर्जन. कोल्हा म्हणजे सैतान. शेतकरी म्हणजे सज्जन. कोंबड्या म्हणजे दृढ श्रद्धेतून घडलेली सत्कर्मे, आणि ढेप म्हणजे कोव्हेटीस. लांडगा आणि कोकरू यांच्या कथेत तर ते रूपकही बाजूला ठेवतात. तेथे ते जमीनदारांना उद्देशून सरळ लिहितात की कुळाने खंडाच्या मुदतीसाठी 'गर्सम', म्हणजे जमीन मिळताना द्यायची एकरकमी भरणी, दिलेली असते. तरीही तुम्ही त्याला निरनिराळ्या कारणांनी छळता, म्हणजे तो जावा आणि नव्या कुळाकडून पुन्हा भरणी घेता यावी. प्रवचनातील लोभ सर्वांना सारखा लागू असतो. भरणीचा लोभ ज्याच्या हाती जमिनीचा कागद आहे त्यालाच लागू होतो.

आता लिंडसे. 1552 मध्ये कूपर येथे आणि 1554 मध्ये एडिनबरो येथे झालेल्या त्या प्रहसनात देशाचे तीन वर्ग (धर्मसत्ता, सरदार आणि व्यापारी) रंगभूमीवर पाठमोरे, उलटे चालत येतात, कारण त्यांचे दुर्गुण त्यांना ओढून आणीत असतात. धर्मसत्तेला ओढणारी जोडी आहे कोव्हेटीस आणि विषयासक्ती. हे रूपक झाले. परंतु त्याच नाटकात ट्रॅनेंटजवळ राहणारा एक कंगाल माणूस येतो आणि आपली हकिकत सांगतो. त्याच्या घरी एक करडी घोडी आणि तीन गाई होत्या. घोडी जमीनदाराने नेली, कारण कूळ मेले की उत्तम जनावर मालकाचे. बाप मेल्यावर पाद्र्याने सर्वांत चांगली गाय नेली. आई मेली तेव्हा दुसरी नेली. त्या दुःखाने बायको झुरून मेली, तेव्हा तिसरी नेली. मेलेल्यांच्या अंगावरची जाड्याभरड्या करड्या कापडाची पांघरुणेसुद्धा पाद्र्याच्या कारकुनाने उचलली. हा माणूस आता सेंट अँड्र्यूजला न्याय मागायला निघाला आहे. कोणत्या कायद्याने तुझ्या तीन गाई गेल्या, असे विचारल्यावर तो उत्तर देतो की कायदा मला ठाऊक नाही, रिवाज तेवढा आहे, आणि त्या लोकांना तेवढा कायदा पुरतो. प्रश्न विचारणारा म्हणतो, लोकांच्या हिताविरुद्ध जो जातो तो रिवाज कायदा होऊ शकत नाही.

ज्या गावी शेजाऱ्याच्या मालमत्तेची अभिलाषा धरू नये अशी आज्ञा लोकभाषेत छापली जात होती, त्याच गावाकडे, त्याच वर्षीच्या नाटकात, हा माणूस चालत निघाला होता. मला जे स्कॉट्स वाटते ते हे आहे, आणि हे वाचताना मला प्रत्येक वेळी गलबलून येते.

डनबार यांच्याविषयी आपण म्हणता ते खरे आहे. स्कॉटलंडचा राजा चौथा जेम्स याने त्यांना 1500 मध्ये वर्षाला 10 पौंडांचे वेतन बांधून दिले, ते 1507 मध्ये 20 आणि 1510 मध्ये 80 पौंड झाले, आणि तरीही चर्चमधील उत्पन्नाची जागा मिळावी म्हणून त्यांनी कविता लिहिल्या. मला त्यात दांभिकपणा दिसत नाही. दरबारात वाटप कसे होते हे त्यांनी रांगेत उभे राहून पाहिले होते. एकाच माणसाकडे अनेक चर्चांचे उत्पन्न जाते आणि दुसऱ्याला एकही मिळत नाही, हे दृश्य पाहिलेला माणूस 'औदार्य आता दुर्गुण ठरले आहे' असे लिहितो, तेव्हा ते अनुभवाने लिहितो. 'जो समाधानी त्याला पुरेसे आहे' असे पालुपद असलेली कविताही त्यांचीच आहे, आणि ती त्यांनी स्वतःला समजावण्यासाठीही लिहिली असावी असा माझा तर्क आहे.

उत्तरेचा_वारा

घाटमाथा यांच्या आक्षेपात एक सूक्ष्म भाग राहून गेला असे मला वाटते. हा शब्द कोणासाठी वापरला जातो आणि कोणासाठी नाही, हेही पाहावे. बार्बर इंग्रज अंमलदारांना कोव्हेटस म्हणतात. ब्रूसचा भाऊ एडवर्ड मात्र चित्त्याहून शूर होता, त्याला शांततेत राहायचे नव्हते, आणि त्या दोघा भावांना स्कॉटलंड अपुरे पडत होते, म्हणून त्याने आयर्लंडचा राजा होण्याचे ठरवले, असे ते सांगतात. 1315 मध्ये तो तिकडे गेला आणि 1318 मध्ये लढाईत मारला गेला. देश अपुरा वाटणे यापेक्षा मोठी कोव्हेटीस कोणती असेल? तरी तेथे तो शब्द येत नाही. आपल्या माणसाच्या बाबतीत कवीची जीभ अडते.

उलट बाजूने, स्कॉटलंडच्या स्वातंत्र्यासाठी लढलेल्या विल्यम वॉलेसवरील दीर्घकाव्य रचणारे हॅरी हे कवी 1305 मधील विश्वासघाताचे कारण सांगताना हा शब्द थेट एका स्कॉट सरदारावर ठेवतात. मेंटिथने कोव्हेटीसपायी वॉलेसला पकडून दिले, आणि हे दोघे दोनदा धर्मपित्याच्या नात्याने जोडलेले होते. त्याच ओघात हेक्टर, सिकंदर आणि ज्युलियस सीझर हे सारे कोव्हेटीसनेच गेले असेही ते म्हणतात. ही यादी मात्र मला पढिक वाटते. मेंटिथची ओळ जिव्हारी लागते.

घाटमाथा

दोन्ही उत्तरांनी माझे बरेचसे समाधान झाले. रिवाजाचा मुद्दा मी मानतो. एडवर्डचे उदाहरण तर मूळ मताला पुरवणी जोडणारे आहे : ज्याची वस्तू गेली तो हा शब्द उच्चारतो, आणि घेणारा स्वतःच्या कृतीला शौर्य, हक्क किंवा रिवाज म्हणतो. डनबार यांची सात महापापांच्या नृत्यावरील कविता या मतात कुठे बसते? तिथे कोणाची गाय जात नाही.

जुनी_पोथी

तेथे हिशेब उलटा फिरतो, असे मला वाटते. शिमग्यासारख्या, ख्रिस्ती उपासपर्वाच्या (लेंटच्या) आदल्या रात्री सैतान नाच मांडतो, आणि चौथ्या क्रमांकाने कोव्हेटीस येते, 'सर्व अनिष्टाचे मूळ, दुर्गुणांचा पाया'. तिच्यामागे येणाऱ्यांची नावे मला फार प्रिय आहेत, कारण ती अस्सल स्थानिक आहेत : 'ऑकरर', म्हणजे व्याजखाऊ, जो शब्द उत्तरेकडील नॉर्स भाषेतून आला, 'हडपाइक', म्हणजे आपला कवडीचुंबक, आणि साठेबाज, गोळा करणारे. हे सर्व एकमेकांवर तोंडातून वितळलेले सोने ओकतात, गाडीभर सोने, विजेसारखे तापलेले, आणि रिकामे झाले की भुते त्यांना पुन्हा गळ्यापर्यंत भरतात.

ओवी_लेखन

येथे मराठी वाक्प्रचार आपणहून चालत आला आहे. दुसऱ्याची जमीन लाटली की आपण ती 'घशात घातली' असे म्हणतो. जे आयुष्यभर घशात घातले ते आता भुते घशात घालीत आहेत. रूपांतरात 'गळा' न वापरता 'घसा' वापरावा, म्हणजे वाचकाला दोन्ही अर्थ एकदम ऐकू येतील. ओवीच्या लयीत एक मसुदा देते, सुधारावा :

तप्त सोने घशातुनी ओकती एकमेकांवरी,
रिते होता भुते तयां घशापर्यंत भरती.

जुनी_पोथी

हे मी माझ्या वहीत उतरवून घेतले आहे. बार्बरच्या ओळीत 'ज्यांचा सर्वांच्या चीजवस्तूंवर डोळा' असे करीन, डनबारच्या पालुपदात 'आणि हे सारे हावेपायी' असे ठेवीन, आणि हेन्रिसनच्या ओळीचा मसुदा आज पहाटे असा झाला : 'ती ढेप म्हणजे हाव समजा, कित्येकांच्या डोळ्यांत ती फुलून मोठी होते.' एकाच शब्दाचा आग्रह मी सोडला आहे.

नृत्याच्या कडव्याची शेवटची ओळ अजून अडते. भुते जे सोने भरतात ते 'ऑल्किन प्रेंट'चे, म्हणजे तऱ्हेतऱ्हेच्या नाण्यांच्या छापाचे आहे. त्या काळी स्कॉटलंडच्या बाजारात परदेशी सोन्याची नाणीही फिरत, त्यामुळे हा तपशील ऐकणाऱ्यांच्या हातातला होता. 'सर्व प्रकारचे सोने' असे केल्यास नाणे हरवते.

उत्तरेचा_वारा

'नाना टाकसाळींचे सोने' असे करून पाहा. 'टाकसाळ' म्हटले की नाणे आले, राजाचा छाप आला, आणि ते कोणाकोणाच्या हातून येथवर आले असेल हेही आले.

जुनी_पोथी

'नाना टाकसाळींच्या सोन्याने भुते तयांना घशापर्यंत भरती.' बसले. आज संध्याकाळी पूर्ण कडवे येथेच टाकतो. मात्रा कोणी तपासून दिल्या तर फार बरे होईल.